बाखचा टोकाटा: पण बाखचाच कशावरून?

मागच्या रविवारी आमच्या इथल्या चर्चमध्ये ऑर्गनवादन होतं. (मी जर्मनीत पीएच.डी. करतेय, हे जुन्या वाचकांना माहीत आहेच.) ऑर्गन म्हणजे आपल्या संगीत नाटकातली पायपेटी नव्हे, हा भिंतभर नळ्यांचा, पायांनीही सूर वाजवायचा. शेवटी अपेक्षेप्रमाणे तो डी मायनरमधला टोकाटा आणि फ्यूग झाला. भुताच्या सिनेमात कडाडतो तोच. पत्रिकेवर नाव होतं योहान सेबास्टियन बाख. मला मात्र माझ्या थीसिसचं दुसरं प्रकरण आठवलं. कसं ते सांगते.

या रचनेची बाखच्या हातची प्रत मिळालेली नाही. जुन्यात जुनी प्रत योहानेस रिंक याने उतरवलेली, तीही बिनतारखेची. रिंकचा जन्म १७१७ चा, बाखचा १६८५ चा. प्रतीवर नाव मात्र बाखचंच. आता 'मूळ प्रत नाही, म्हणजे रचना त्याची नाही' अशी उडी मारू नका. बाखच्या बऱ्याच ऑर्गनरचना आपल्यापर्यंत दुसऱ्यांच्या प्रतींतूनच आल्यात.

१९८१ मध्ये पीटर विल्यम्स या अभ्यासकाने कागद बाजूला ठेवून रचनाच तपासली. सुरुवातीला दोन्ही हात तेच सूर एका सप्तकाच्या अंतराने वाजवतात. काही जागा तर सरळ व्हायोलिनवर बसतात. बाखच्या शैलीत हे त्याला खटकलं. म्हणून ही मुळात व्हायोलिनची रचना असावी, कदाचित दुसऱ्याच कोणाची, अशी शंका त्याने मांडली.

क्रिस्टोफ वोल्फ हे बाखचे मोठे अभ्यासक. ते याच सुरुवातीकडे बोट दाखवून उलटं म्हणतात. तरुण बाख १७०३ ते १७०७ आर्नश्टाटला ऑर्गनवादक होता. तिथल्या ऑर्गनवर हातांनी वाजवायच्या पट्ट्यांना सोळा फुटी नळ्यांचा संच नव्हता. हा संच असला की पट्टी दाबल्यावर एक सप्तक खालचा, भारदस्त सूर मिळतो. नसला तर? तेच सूर दुसऱ्या हाताने खालीही वाजवायचे. विल्यम्सना जे खटकलं, तीच वोल्फना तरुण बाखची हिकमत वाटते.

इथे जरा थांबा. निरीक्षण एकच आहे, त्यावर वाद नाही. वाद आहे तो तुलना कशाशी करायची यावर: प्रौढ बाखशी की विशीतल्या? आणि विशीतल्या म्हणावं, तर त्या काळातल्या ज्या रचनांशी ताडायचं त्यांतल्या अनेकांची तारीखही पक्की नाही. गोल फिरून तिथेच! मला स्वतःला वोल्फचा तर्क आवडतो, पण आवडणं पुरत नाही ना. उद्या आणखी जुनी प्रत सापडली तर पारडं हलेल. 'बाख असं लिहिणारच नाही' एवढ्याने नाही.

आता माझं प्रकरण. एका विधानापुढे मी ऐटीत पाच संदर्भ दिले होते. गाईडनी विचारलं, "हे पाचही जण कुठून म्हणतायत?" एकेक पेपर उघडत गेले. चौघे पाचव्याचा हवाला देत होते आणि पाचव्याची सगळी भिस्त एका जुन्या अहवालातल्या एका तक्त्यावर. म्हणजे माझ्याकडे पाच साक्षीदार नव्हतेच; एक साक्षीदार आणि त्याचं ऐकून सांगणारे बाकीचे.

विधान खोडलं नाही. 'सिद्ध झाले आहे'च्या जागी 'एका अहवालानुसार' केलं आणि तो अहवाल मागवायला लायब्ररीत अर्ज टाकला. अजून आलेला नाही.