एका रात्रीने काय होते?

लग्नाची धावपळ आटोपून रात्री दीडला घरी पोहोचल्यावर अंथरुणावर अंग टाकले, की कॉन्टॅक्ट लेन्स काढायला पुन्हा उठणे जिवावर येते. रेल्वेच्या प्रवासात लेन्सची डबी नेमकी बॅगेच्या तळाशी असते. ‘एका रात्रीने काय होते?’ म्हणत अनेक जण तसेच झोपतात. सकाळी डोळे थोडे चुरचुरतात, तासाभरात बरे वाटते. काही झाले नाही, म्हणून मग सवय लागते. खरा धोका या सवयीत आहे.

बाहुलीसमोरचा पारदर्शक पडदा म्हणजे कॉर्निया. त्यात रक्तवाहिन्या नसतात. जागेपणी त्याला प्राणवायू मुख्यतः हवेतून, अश्रूंच्या पातळ थरामार्फत मिळतो. पापण्या मिटल्यावर हा पुरवठा सुमारे एक तृतीयांशावर येतो. त्यात लेन्सचा अडसर आला की कॉर्नियाला सूज येते आणि त्यावरचा संरक्षक थर कमकुवत होतो. जागेपणी पापण्यांच्या उघडझापीने लेन्सखालचे अश्रू बदलत राहतात. झोपेत तेही थांबते आणि लेन्सला चिकटलेल्या जंतूंना वाढायला रात्रभर मोकळीक मिळते.

अमेरिकेत १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, सॉफ्ट लेन्स फक्त दिवसा वापरणाऱ्यांमध्ये कॉर्नियाच्या जंतुसंसर्गाचे प्रमाण वर्षाला दर १० हजारांमागे सुमारे ४ आढळले. झोपेतही घालता येतात म्हणून दिलेल्या लेन्स वापरणाऱ्यांमध्ये ते सुमारे २१ होते. पुढे भरपूर प्राणवायू जाऊ देणाऱ्या सिलिकॉन हायड्रोजेल लेन्स आल्या आणि प्रश्न सुटेल असे वाटले. मात्र २००८ च्या ऑस्ट्रेलियातील अभ्यासात, त्या घालून झोपणाऱ्यांमध्येही हे प्रमाण सुमारे २५ निघाले. म्हणजे महागडी, नवी लेन्स घेतली तरी रात्रीचा धोका टळत नाही.

हा आकडा लहान वाटेल, पण परिणाम लहान नसतो. स्युडोमोनाससारखा जंतू एक-दोन दिवसांत कॉर्नियावर खोल जखम करू शकतो. जखम भरली तरी पांढरा व्रण उरतो. तो मधोमध असेल तर नजर कायमची अधू होते. काहींना कॉर्नियाचे प्रत्यारोपण करावे लागते.

चुकून लेन्स घालून झोप लागलीच, तर उठल्याबरोबर ती ओढून काढू नये. हात साबणाने धुऊन कोरडे करावेत. लेन्ससोबत चालणारे, डोळे ओले ठेवणारे थेंब टाकावेत, थोडा वेळ थांबावे आणि लेन्स सैल झाल्यावर काढावी. त्यानंतर डोळे पूर्ण बरे वाटेपर्यंत चष्माच वापरावा. लेन्स नळाच्या पाण्याने कधीही धुऊ नये. त्या पाण्यातील अकांथअमीबा हा सूक्ष्मजीव अत्यंत चिवट संसर्ग घडवतो.

दुखणे, वाढती लाली, उजेड सहन न होणे, धूसर दिसणे किंवा बुबुळावर पांढरा ठिपका यांपैकी काहीही जाणवल्यास लेन्स काढून त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे. लेन्स आणि डबी सोबत न्यावी. त्यावरून जंतू ओळखायला मदत होऊ शकते. औषधांच्या दुकानातून परस्पर स्टेरॉइडचे थेंब घेणे घातक ठरू शकते, कारण लाली कमी होते आणि संसर्ग आत वाढत राहतो.

डॉक्टरांनी खास झोपेत वापरण्यासाठी दिलेल्या लेन्सचा अपवाद सोडला, तर नियम एकच: आधी लेन्स काढायची, मग दिवा मालवायचा. जुना चष्मा आणि डबी उशाशी असली, की हे दोन मिनिटांचे काम आहे.