दुसऱ्या शस्त्रक्रियेची घाई नको

गायनेकोमास्टियाच्या, म्हणजे पुरुषांमधल्या स्तनवाढीच्या, शस्त्रक्रियेनंतर छातीवरचा दाबपट्टा सोडून आरशात पाहिलं, की छाती सपाट दिसण्याऐवजी सुजलेली, एका बाजूला जास्तच फुगलेली दिसते आणि ‘गाठ राहिली’ ही शंका मनात घर करते. बरीचशी सूज काही आठवड्यांत उतरते; पण स्तनाग्राखालचा कडक व्रण, जो बोटाला थेट गाठीसारखा लागतो, मऊ व्हायला ६ ते १२ महिने जातात. दोष दिसतोय तर दुसऱ्या शस्त्रक्रियेसाठी तोवर थांबायचं कशाला, असं कुणी विचारेल. कारण कच्च्या व्रणात किती काढायचं याचा अंदाज चुकतो. जास्त काढलं तर खळगा पडतो, आणि तो भरून काढणं उरलेली ग्रंथी काढण्यापेक्षा अवघड. मात्र एक बाजू अचानक टणक फुगली किंवा ताप आला, तर त्याच दिवशी सर्जनला गाठा; आत रक्त साकळलेलं असू शकतं किंवा जंतुसंसर्ग.