चतुराची शेवटची कात

चतुराचे बालपण पाण्याखाली जाते. वाढ पूर्ण झाली की पिल्लू बहुधा रात्री किंवा पहाटे लव्हाळ्याच्या काडीवर चढते, पाय घट्ट रोवते आणि शेवटची कात टाकते. पाठीवरची त्वचा उकलून डोके व छाती बाहेर येतात. पाय कडक होईपर्यंत कीटक तसाच लोंबकळत राहतो. मग तो पोट सोडवून घेतो आणि चुरगळलेल्या पंखांच्या शिरांत शरीरद्रव शिरून ते उलगडतात. एवढा विलक्षण सोहळा साध्या तळ्याकाठीही पाहता येतो.

हा सोहळा कॅमेऱ्यात टिपायला मॅक्रो लेन्स उपयोगी पडते. तिने १:१ प्रमाणात टिपलेला कीटक सेन्सरवर मूळ आकाराएवढाच उमटतो. मात्र स्पष्ट दिसणारी खोली जेमतेम एक-दोन मिलिमीटर उरते. म्हणून कॅमेरा कीटकाच्या शरीराला समांतर ठेवतात, लेन्सचे छिद्र एफ/११ च्या आसपास ठेवतात आणि फ्लॅशचा प्रकाश पांढऱ्या कापडातून सौम्य करतात. १०० मिलिमीटरची लेन्स असली की थोडे लांबूनही काम होते, आणि ते फार मोलाचे आहे. कारण ओले पंख धक्क्याने वाकले तर कायमचे वाकडे राहतात, चतुर उडूच शकत नाही. चांगल्या चित्रासाठीसुद्धा काडी तोडू नये, हलवू नये.