पाण्याचा प्रश्न कोणत्या विभागाचा?

लेखमाला : विद्यापीठ आणि शिवार (भाग पाचवा)

रनाळे हे नंदुरबार–दोंडाईचा रस्त्यावरचं, नंदुरबार तालुक्याच्या पूर्व भागातलं गाव. हा पट्टा अवर्षणप्रवण. उत्तरेला तापी आहे, सारंगखेडा आणि प्रकाशा इथं तिच्यावर बॅरेजही आहेत. पण शेतकऱ्याची भिस्त विहिरीवर आणि आभाळावर. अशा शिवारात एकाची विहीर उन्हाळ्यापर्यंत पाणी देते आणि बांधापलीकडची त्याआधीच तळ दाखवते. असं का होतं, हे विद्यापीठात नेमकं कुणाला विचारायचं?

भूगर्भशास्त्रज्ञ डाइककडे बोट दाखवेल. डाइक म्हणजे लाव्हाचे थर चिरत वर आलेल्या आणि तिथंच गोठलेल्या खडकाच्या उभ्या भिंती. आयआयटी मुंबईच्या रंजिनी रे, हेतू शेठ आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये नंदुरबार–धुळे पट्ट्यातल्या अशा दोनशेवर भिंतींचा अभ्यास प्रसिद्ध केला. बहुतेक भिंती ढोबळमानाने पूर्व–पश्चिम, म्हणजे तापीला समांतर. खडक घट्ट असला तर जमिनीखालचं पाणी अडतं आणि वरच्या अंगाची विहीर टिकते. तोच भेगाळलेला असला तर पाणी त्याच्यातूनच वाट काढतं. रनाळ्यात कोणाच्या वावराखाली काय आहे, हे पायी फिरून, विहिरी मोजूनच कळणार.

पण एवढ्यानं भागत नाही. मिरचीला किती पाणी लागतं, हे कृषिशास्त्रज्ञ सांगेल. पंपाला वीज कधी मिळते आणि बोअर किती खोल न्यायची, हा हिशेब अर्थशास्त्राचा. पाणी असलेल्या अंगाची जमीन कुणाच्या नावावर आहे, हा प्रश्न तर या तिघांपैकी कुणाच्याच अभ्यासक्रमात नाही.

कायद्यानं यासाठी दार उघडलं आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मध्ये चार विद्याशाखा आहेत आणि चौथीचं नावच आंतरविद्याशाखीय अभ्यास. प्रत्यक्षात तिच्यात शिक्षणशास्त्र, शारीरिक शिक्षण, ग्रंथालयशास्त्र, पत्रकारिता असे विषय येऊन बसले. जे इतरत्र मावले नाहीत त्यांची सोय झाली, असं म्हटलं तर फारसं वावगं होणार नाही.

अनेक शास्त्रं खरोखर एकत्र आणणारं केंद्र उभं राहतं कसं, हे पाहायला पुण्याच्या माधव गाडगीळांचं उदाहरण घेऊ. गणिती परिस्थितिशास्त्राकडे ओढा असलेला हा जीवशास्त्रज्ञ १९७३ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेला, तो सैद्धांतिक अभ्यासाच्या केंद्रात. परिस्थितिविज्ञान केंद्र सुरू झालं १९८३ मध्ये. मधली दहा वर्षं रानात गेली. कर्नाटकात कागद गिरण्यांना पुरवायचा बांबू घटत होता. दोष गावकऱ्यांवर आणि त्यांच्या गुरांवर टाकून सगळे मोकळे. वाढ चांगली व्हावी म्हणून बांबूच्या बेटांच्या बुडाशी असलेलं काटेरी आवरण साफ केलं जाई. गावकरी म्हणत, काटे काढू नका, कोवळे कोंब जनावरं खातात. मोजमाप केल्यावर गावकऱ्यांचंच म्हणणं खरं निघालं. वनस्पती, जनावरं, गिरणीची मागणी आणि सरकारी आदेश एकत्र पाहिल्याशिवाय हे उत्तर सापडलं नसतं. केंद्राची पाटी या कामानंतर लागली, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो.

दुसरं उदाहरण आयआयटी मुंबईचं. ग्रामीण भागासाठी तंत्रज्ञानाचे पर्याय शोधणारं ‘सितारा’ हे केंद्र १९८५ पासून आहे. २००७ मध्ये तिथं तंत्रज्ञान आणि विकास या विषयात एम.टेक. सुरू झालं. मुळात संगणकशास्त्राचे प्राध्यापक असलेले मिलिंद सोहोनी तिथं विद्यार्थ्यांना घेऊन कर्जत–शहापूरच्या नळपाणी योजनांमध्ये शिरले. गावातलं काम पदवीसाठी धरलं जातं, म्हणून मुलं जातात. २०१६ मध्ये राज्यानं उन्नत महाराष्ट्र अभियानातून हीच रीत जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांपर्यंत नेण्याचं ठरवलं.

आता आपल्याकडे या. १९९० मध्ये स्थापन झालेल्या, आज कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचं नाव असलेल्या जळगावच्या विद्यापीठात पर्यावरण आणि भूविज्ञान यांची एकत्र प्रशाळा आहेच. दोन शास्त्रं आधीच एका छताखाली आहेत. अर्थशास्त्र, समाजशास्त्र आणि शेती जोडायची तर अडचण जागेची कमी, नियमांची जास्त. विहिरीवर पाच वर्षं घालवणाऱ्या तरुण प्राध्यापकाची पदोन्नती कोणत्या विषयाची समिती ठरवणार? अर्थशास्त्र आणि भूजल दोन्ही असलेल्या प्रबंधाला मार्गदर्शक कोण, परीक्षक कोण? इमारतीचा आराखडा मंजूर होण्याआधी ही उत्तरं लेखी हवीत. नाहीतर केंद्राला चारही बाजूंनी उधार माणसं मिळतात आणि ती मार्च आला की आपापल्या विभागात परततात.

शिवाय मोजणी वर्षानुवर्षं चालावी लागते. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा नोंदवते. त्या नोंदींशेजारी गावातलं पीक, उपसा आणि वीज यांची नोंद ठेवायची, तर रोजच्या रोज विहिरीत टेप सोडणारं माणूस रनाळ्यातलंच हवं आणि त्याचं मानधन प्रकल्प संपल्यावरही चालू राहायला हवं. तीन वर्षांच्या अनुदानात ते बसत नाही. ते कुठून आणायचं आणि त्या नोंदवहीवर हक्क ग्रामपंचायतीचा की विद्यापीठाचा, हे पुढच्या भागात.