रिकाम्या सतरंजीवरची निवडणूक

शाळेच्या स्मरणिकेत निवडणुकीविषयीचा लेख पाहून काही वाचकांना नवल वाटेल. येथे आठवणी असाव्यात, गुरुजनांविषयी कृतज्ञता असावी, हे आम्हासही मान्य आहे. परंतु या शाळेतून बाहेर पडलेले अनेकजण आज स्वतः पालक झाले आहेत, आणि पालकांच्या वाट्याला एक अशी निवडणूक येते जिचा प्रचार होत नाही, जिला सुट्टी मिळत नाही आणि जी होऊन गेल्याचे पुष्कळांना कळतही नाही. ती म्हणजे शाळा व्यवस्थापन समितीची निवड.

ती कशी पार पडते, हे आम्ही एकाहून अधिक गावांत पाहिले आहे. कामाच्या दिवशी सकाळी अकराची वेळ. व्हरांड्यात लांब सतरंजी अंथरलेली, तिच्या एका कडेला दहा-पंधरा पालक. त्यांत बहुतेक माता, त्याही दाराशी बसलेल्या. कोणीतरी एक नाव सुचवितो, दुसरा ‘अनुमोदन’ म्हणतो, आणि निवड बिनविरोध झाल्याची नोंद इतिवृत्तात होते. सायंकाळी एखादा विद्यार्थी वही घेऊन घरोघर सह्या गोळा करीत फिरतो.

वास्तविक कायद्याने या सभेस मोठा अधिकार दिला आहे. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या २१व्या कलमानुसार समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत, निम्म्या स्त्रिया असाव्यात, आणि वंचित व दुर्बल घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात स्थान मिळावे. शाळेच्या कामकाजावर देखरेख करणे, अनुदानाचा विनियोग तपासणे आणि शाळेचा विकास आराखडा तयार करणे ही तिची कामे. अनुदानित शाळा आणि अल्पसंख्याकांनी चालविलेल्या शाळा यांच्यापुरती ही समिती २०१२ च्या दुरुस्तीने केवळ सल्लागार ठरली, हे खरे. पण सल्लादेखील इतिवृत्तात लिहिला गेला की सहज पुसता येत नाही. जिल्हा परिषदेच्या आणि नगरपालिकेच्या शाळांत तर अधिकार पूर्ण आहे. तो बजावणारा माणूस मात्र सतरंजीवर नसतो.

‘पालक उदासीन आहेत’ असे म्हणून हा विषय मिटविला जातो. हा शब्द आम्हास पटत नाही. मराठवाड्यातील ऊसतोड कुटुंब दिवाळीच्या सुमारास उचल घेऊन घर सोडते ते उन्हाळ्यातच परतते. कोयत्यावरील जोडप्याने एका दिवसाचा खाडा केला तर त्याचे पैसे कापले जातात. त्यांनी हिवाळ्यातील सभेस यावे अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करावी? रोजंदारीवरील आईला सकाळी अकरा म्हणजे अर्धा दिवस गमावणे. शिवाय पिढ्यान्‌पिढ्या शाळेच्या दारापाशी थांबावे लागलेल्या माणसाला गुरुजींसमोर हिशेब विचारणे अवघड वाटते. ‘मास्तरांना आमच्यापेक्षा जास्त कळतं’ हे वाक्य नम्रतेचे आहे तितकेच भीतीचेही आहे.

खरी उदासीनता असेल तर ती आमच्यासारख्यांची आहे. नोकरी लागली, शहरात घर झाले, मुले विनाअनुदानित इंग्रजी शाळेत गेली. तेथे अशी समिती स्थापण्याचे बंधन कायद्यानेच नाही. म्हणजे ज्यांना इतिवृत्त वाचता येते, अर्ज लिहिता येतो, अधिकाऱ्यापुढे उभे राहता येते, तेच सभेतून उठून गेले. मागे उरलेल्यांच्या मौनास आम्ही नाव ठेवतो.

हा अधिकार सहज हाती आलेला नाही. १९१९ साली साउथबरो समितीपुढे साक्ष देताना बाबासाहेबांनी अस्पृश्यांसाठी मताधिकाराची अट खाली आणण्याची मागणी केली, कारण त्या काळी मत हे जमीन, सारा व कर यांवर अवलंबून होते. १९२३ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने शाळा स्थानिक संस्थांच्या हाती गेल्या. त्या संस्थांच्या मतदारयादीत भूमिहीनाचे नाव सहसा नसे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बोले यांचा ठराव संमत होऊन सार्वजनिक पाणवठे व शाळा सर्वांना खुल्या झाल्या, कागदावर. महाडच्या नगरपालिकेनेही १९२४ मध्ये तसा ठराव केला. तरी चवदार तळ्याचे पाणी प्राशन करण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी हजारोंना प्रत्यक्ष चालत जावे लागले. ठराव आणि उपस्थिती यांत किती अंतर असते, हे आपल्या समाजाइतके कोणास ठाऊक असणार!

मौनाविषयी आणखी एक. भिक्खुसंघातही मौन म्हणजे संमतीच मानीत, असे कोणी म्हणेल. ते खरे आहे, पण अर्धे. विनयानुसार प्रस्ताव, म्हणजे ज्ञप्ती, आधी स्पष्ट मांडली जाई. महत्त्वाच्या कामात ती तीनदा ऐकविली जाई. आवश्यक संख्या भरल्याखेरीज काम चालत नसे. सीमेतील प्रत्येक भिक्खूने हजर राहावे, आणि आजाऱ्याने दुसऱ्याकरवी आपला ‘छंद’, म्हणजे संमती, कळवावी, असा नियम होता. मतभेद उरला तर शलाका वाटून मते मोजीत. संघाला संसदीय कार्यपद्धतीचे हे नियम माहीत होते, याचा उल्लेख बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत केला होता. त्या मौनामागे विचारलेला प्रश्न असे. आमच्या सभांतील मौनामागे अनेकदा प्रश्नच नसतो.

निवासी शाळेपुढील अडचण तर अधिक बिकट आहे, कारण येथील पालक चार-चार तालुक्यांत पांगलेले असतात. तरीही ते सारे वर्षातून एकदा हमखास येतात : जूनमध्ये, पेटी आणि अंथरूण घेऊन, मुलास वसतिगृहात सोडावयास. त्याच दिवशी दुपारी सभा ठेवली, निवडीचा विषय आधी पत्राने कळविला आणि नावे वाचून हात मोजले, तर एस.टी.चे दुसरे भाडे कोणास पडणार नाही. समितीतील उरलेल्या चतुर्थांशात शिक्षणतज्ज्ञासाठीही स्थान असते. आपापल्या गावच्या शाळेत त्या जागेवर कोण बसले आहे, हे माजी विद्यार्थ्यांनी पुढच्या वेळी गावी गेल्यावर मुख्याध्यापकांना विचारावे. समितीचे सचिव तेच असतात, आणि इतिवृत्ताची वही त्यांच्याच कपाटात असते.