परवाना : घराचा की यंत्राचा?

दिवाळीच्या सुमारास घरात एखादी नवी वस्तू यावी, ही आपल्याकडची जुनी रीत. एके काळी ती वस्तू म्हणजे रेडिओ असे किंवा शिवणयंत्र. हल्ली ती बहुधा संगणक असते. त्यातून १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०ची नित्याची देखभाल कंपनीने थांबविली आणि कित्येक घरांतील संगणक एकाएकी वृद्ध ठरले. अशा वेळी हिशेबी गृहिणीचा प्रश्न ठरलेला : “जुन्यात विंडोजचे पैसे मोजले होते ना? मग तेच ह्या नव्यात घाला की!”

प्रश्न रास्त आहे. कारण त्यात काही हजार रुपये गुंतलेले असतात. परंतु उत्तर देण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. विंडोज आपण विकत घेतच नाही. घेतो तो केवळ वापरण्याचा परवाना!

फारसीतून आलेल्या ह्या शब्दाची गंमत पाहा. परवाना म्हणजे आज्ञापत्र, तसाच परवाना म्हणजे ज्योतीवर झेपावणारा पतंगही! संगणकाबरोबर कारखान्यातूनच येणारा ‘ओईएम’ परवाना हा ह्या पतंगाच्या जातीचा. ज्या यंत्राशी जडला, त्याच्याबरोबरच तो संपावयाचा. २०१२ साली आलेल्या विंडोज ८पासून त्याची किल्ली बहुधा मदरबोर्डवरच साठविलेली असते. दुसरा ‘रीटेल’, म्हणजे दुकानातून सुटा घेतलेला. तो मात्र बिऱ्हाड बदलू शकतो. फक्त जुनी खोली रिकामी करून द्यावी लागते. एका परवान्यावर दोन संगणक चालवावयाचे नाहीत.

आपला परवाना कोणत्या जातीचा, हे कळणे अवघड नाही. जुन्या संगणकाच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘एसएलएमजीआर /डीएलआय’ ही अक्षरे रोमन लिपीत टाइप केली, की ‘ओईएम’ किंवा ‘रीटेल’ असे उत्तर मिळते. रीटेल असल्यास ‘/यूपीके’ ह्या आज्ञेने किल्ली तेथून काढावी आणि नव्यात ती २५ अक्षरे भरावीत. होम आवृत्तीची किल्ली प्रोला लागत नाही, एवढे पाहावे. परवाना आधीच आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडून ठेवला असेल, तर अडचणीच्या वेळी ती ओळख उपयोगी पडते.

आता कोणी म्हणेल, “एवढा खटाटोप कशाला? आमचा माणूस पाचशे रुपयांत सारे चालू करून देतो!” देत असेलही. पण ज्या यंत्रावरून आपण बँकेचे व्यवहार करतो, मुलांच्या परीक्षांचे अर्ज भरतो, त्याची दारे अनोळखी माणसाच्या चोरकिल्लीने उघडावीत काय? त्यापेक्षा विनामूल्य मिळणारे लिनक्स बरे. त्यात लपवाछपवी तरी नाही.

तयार संगणकाच्या किमतीत विंडोज बहुधा आलेलेच असते. सुटे भाग जुळवून घेताना मात्र ते निराळे घ्यावे लागते. तेव्हा पावती फाडण्यापूर्वी विचारावे, “विंडोज धरून ही किंमत आहे ना? आणि परवाना कोणत्या जातीचा?” आणि ती २५ अक्षरे, पावतीसह, घराच्या कागदपत्रांत जपून ठेवावीत.