वाहन-परवान्याची चाचणी आणि सत्त्वबल

शहागंजच्या घड्याळ-मनोऱ्याजवळून, हातगाडे, रिक्षा व पादचारी यांच्या गर्दीतून वाहन काढताना शिकाऊ चालकाच्या धैर्याची कसोटी लागते. परवान्याची चाचणी जवळ आली की यांपैकी काही जण हृद्स्पंदन, कंप, तळहातांस घाम व निद्रानाश घेऊन वैद्याकडे येतात आणि मन शांत करणारे औषध मागतात.

येथे वैद्याने सावध असावे. भयाने वात प्रकुपित होतो हे खरे. तथापि चाचणीच्या दिवशी सर्पगंधेसारखे शामक द्रव्य देणे म्हणजे चालकाची सावधानताच हिरावून घेणे होय.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, पहिल्या अध्यायात, मानस दोषांवर ज्ञान, विज्ञान, धैर्य, स्मृती व समाधी हे उपाय सांगितले आहेत. त्यांचा मूळ आशय अधिक सखोल असला तरी व्यवहारात ते असे उतरविता येतात. वाहतुकीचे नियम व चिन्हे माहीत असणे हे ज्ञान; मोकळ्या जागेत आठचा आकडा काढण्याचा नित्य सराव हे विज्ञान. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार अनुत्तीर्ण उमेदवारास ७ दिवसांनंतर पुन्हा चाचणी देता येते, हे कळले की धैर्य येते. सरावातील यश आठवणे ही स्मृती. परीक्षकाचा विचार सोडून रस्त्यावर चित्त ठेवणे ही समाधी.

आदल्या रात्री पादाभ्यंग व वेळेवर निद्रा, सकाळी लघु, उष्ण आहार एवढे पुरे. हृद्स्पंदन एरवीही होत असल्यास मात्र योग्य तपासणी करावी.

भय समूळ घालविणे हे आपले साध्य नव्हे. रस्त्याचे थोडे भय चालकास जन्मभर जपते.